गोव्याच्या शेतात ऑटो-स्टिअरला कोणता करेक्शन सिग्नल घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण डिचोली, सत्तरी आणि तिसवाडीत भाड्याने शेतीची कामं करतो. त्याच्याकडे पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, त्यावर नंतर बसवलेला ऑटो-स्टिअर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने ट्रॅक्टर आपोआप ओळीत चालवणारा संच आहे आणि सहा ओळींचं भातलावणी यंत्र आहे. हाच संच लावणी यंत्रावरही चढवायचा त्याचा विचार आहे. यंदापासून खाजनांत, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या सखल शेतांत, जमीन सपाट करायची कामंही मिळू लागली आहेत. विक्रेता म्हणतो, उपग्रहावरून येणारा अडीच सेंटिमीटरचा सिग्नल वार्षिक वर्गणी भरून घ्या. गगन ही आपल्या देशाची उपग्रह सेवा तर फुकट आहे, मग तेच का नको? की स्वतःचा बेस, म्हणजे दुरुस्ती पाठवणारं स्थानक, उभारू?

आधी सरळ उत्तर देतो. वर्गणी आत्ताच भरू नका. नांगरणी, रोटाव्हेटर आणि फवारणीला गगन वापरा. लावणीला मोबाइल डेटावरून आरटीके, म्हणजे जवळच्या बेसकडून येणारी दुरुस्ती, घ्या. मोबाइलला रेंज नाही अशा मळ्यांत तुमची बरीच कामं असतील, तरच स्वतःच्या बेसचा विचार करा. आणि सपाटीकरणासाठी सिग्नल निवडण्याआधी खाली लिहिलेलं नीट वाचा, कारण तिथे माझं मत विक्रेत्याला आवडणारं नाही.

आता कारणं. ट्रॅक्टरवरचा रिसीव्हर नुसत्या उपग्रहांवर विसंबला तर जागा काही मीटरने चुकते. उपग्रहाच्या घड्याळात आणि कक्षेत थोडी चूक असते, पण सगळ्यांत मोठी गडबड आयनोस्फिअरमध्ये होते. वरच्या वातावरणातल्या या विद्युतभारित थरातून येताना सिग्नल रेंगाळतो. आपली जागा ज्याला पक्की ठाऊक आहे असा दुसरा रिसीव्हर ही चूक मोजतो आणि तुमच्या रिसीव्हरला कळवतो. तराजूचा पासंग काढतात, तसाच हा प्रकार. करेक्शन सिग्नल म्हणजे एवढंच. फरक पडतो तो पासंग कोण काढतो, तुमच्यापासून किती दूर बसून काढतो आणि तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने पोचवतो यात.

विक्रेत्याने आकडा सांगितला की एकच प्रश्न विचारा: हा आकडा लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधला, की पुढच्या वर्षी त्याच तासावर परत येण्याचा? पास-टू-पास म्हणून छापतात ती अचूकता साधारण पंधरा मिनिटांच्या आतल्या दोन फेऱ्यांची असते. तेवढ्या वेळात चूक फारशी बदलत नाही, म्हणून आकडा देखणा दिसतो. दुपारी जेवून परत आलात किंवा दुसऱ्या दिवशी उरलेला मळा धरलात, की सगळी ओळच बाजूला सरकलेली दिसते. फवारणीत हे चालून जातं, लावणीत नाही.

गगन ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेली सेवा आहे. देशभरातली संदर्भ स्थानकं चूक मोजतात आणि ती दुरुस्ती जीसॅट-८ व जीसॅट-१० या भूस्थिर उपग्रहांवरून खाली येते. गोव्याला यात एक फायदा आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हे उपग्रह ५५ आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, त्यामुळे आपल्या आभाळात दोन्ही साठ अंशांहून उंच दिसतात. मळ्याच्या कडेला माडांची रांग असली तरी दुरुस्ती सहसा अडत नाही. माडांच्या थेट खाली गेलात तर गोष्ट वेगळी, पण तिथे इतर उपग्रहही झाकले जातात. चांगल्या आभाळात गगनवर लागोपाठच्या फेऱ्यांत वीस-तीस सेंटिमीटरचा फरक धरून चाला. दिवसभरात मात्र ओळ मीटरभर सरकू शकते. परदेशी बनावटीच्या डिस्प्लेवर कधीकधी दुसऱ्या खंडाची सेवा निवडलेली राहते आणि गगन पकडतच नाही. सेटिंगमध्ये गगन, म्हणजे पीआरएन (उपग्रहाचा क्रमांक) १२७ किंवा १२८, चालू आहे का ते स्वतः बघा.

रोटाव्हेटर सहा फुटी, म्हणजे जवळजवळ १८० सेंटिमीटर रुंद. चालक डोळ्यांनी चालवताना खाडा राहू नये म्हणून सहसा पंधरा-वीस सेंटिमीटर आधीच्या फेऱ्यावर चढवतो. म्हणजे आठ ते अकरा टक्के काम दोनदा होतं. गगनवर चालवताना तुम्हाला तेवढंच चढवून चालवावं लागेल, नाहीतर खाडे राहतील. म्हणून सांगतो, लहान मळ्यात, जिथे चार फेऱ्यांत बांध येतो, तिथे रोटाव्हेटरसाठी कुठल्याच सिग्नलने डिझेल वाचत नाही. वाचतं ते मोठ्या सलग जागेत आणि रुंद अवजारावर. दहा मीटरच्या बूमने फवारताना तोच वीस-तीस सेंटिमीटरचा फरक दोन-तीन टक्क्यांवर येतो आणि फुकटचा सिग्नल पुरेसा ठरतो.

लावणी यंत्राचं गणित वेगळं आहे. सहा ओळी, ओळींत तीस सेंटिमीटर, म्हणजे एक फेरा १८० सेंटिमीटरचा. दोन फेऱ्यांमधली जागा पंचवीस सेंटिमीटरने वाढली तर जवळपास एक ओळ कमी बसली. कमी झाली तर चाक आधीच्या तरव्यावरून जातं. यंत्राचा मार्कर चिखलात रेघ ओढतो, पण वर पाणी थोडं जास्त आणि गढूळ असलं की ती रेघ दिसेनाशी होते. चालक मग समोरच्या बांधावरचा एखादा माड धरून चालवतो आणि ओळी हळूहळू तिरक्या होत जातात. इथे दोन-तीन सेंटिमीटरचा सिग्नल आपला खर्च वसूल करून देतो.

तेवढी अचूकता मिळवायच्या वाटा दोन.

पहिली वाट विक्रेता सुचवतो ती. ट्रिंबलचं सेंटरपॉइंट आरटीएक्स, हेक्सागॉनचं टेरास्टार, जॉन डिअरचं स्टारफायर या सेवा जगभरच्या स्थानकांवरून उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळं बारकाईने मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहावरून थेट तुमच्या अँटेनावर पाठवतात. जवळ बेस नको, मोबाइल नको. सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात, जिथे फोन लागत नाही, तिथे हा मोठा आधार आहे. पण चालू केल्यावर पूर्ण अचूकतेला पोचायला वेळ लागतो, सेवेनुसार काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. काही हजार चौरस मीटरचा मळा संपवून झाडांखालच्या वाटेने पुढच्या मळ्यात जाणाऱ्या माणसाला हा वेळ दिवसातून अनेकदा मोजावा लागू शकतो. मोठ्या सलग शेतात सकाळी एकदा चालू करून संध्याकाळी बंद करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. आपली शेतं तशी नाहीत.

दुसरी अडचण क्वचितच कुणी सांगतं. यातल्या बहुतेक जागतिक सेवा जागा मोजतात ती साऱ्या पृथ्वीला धरून बसवलेल्या चौकटीत, आणि भारताचा भूखंड त्या चौकटीत वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. सोबत आपलं शेतही सरकतं, पण डिस्प्लेमध्ये जपून ठेवलेली एबी लाइन, म्हणजे दोन टोकं देऊन आखलेली चालवायची ओळ, सरकत नाही. वार्षिक पिकाला याचा त्रास नाही. संजीवनी साखर कारखान्याचं गाळप थांबल्यापासून गोव्यात ऊस कमी झाला आहे, तरी ज्यांनी राखला आहे ते खोडवा घेतात. तिसऱ्या वर्षी त्याच सऱ्यांमधून आंतरमशागत करायला जाल तेव्हा जुनी ओळ दहा-पंधरा सेंटिमीटरने चुकलेली असेल. सिग्नल बिघडलेला नसतो. ओळ तेवढी दरवर्षी नव्याने जुळवून घ्यावी लागते. जमिनीला पक्क्या बसवलेल्या बेसवर हा प्रश्नच येत नाही, कारण बेसही शेतासोबतच सरकतो.

युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीची हाय ॲक्युरसी सर्व्हिस जानेवारी २०२३ पासून विनाशुल्क सुरू आहे. तिचं लक्ष्य आडव्यात वीस सेंटिमीटरचं आहे. त्यासाठी रिसीव्हरला ई-६ वारंवारता वाचता आली पाहिजे. नवा रिसीव्हर घेणारच असाल तर ती वाचता येते का हे जरूर विचारा. गगनपेक्षा ती ओळ दिवसभर जास्त स्थिर राहते.

दुसरी वाट आरटीके. जवळच्या बेसकडून दर सेकंदाला दुरुस्ती येते आणि डिस्प्लेवर 'फिक्स' दिसताच दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. 'फ्लोट' असताना लावणी सुरू करू नका. तेव्हा चूक अर्ध्या मीटरपर्यंत असू शकते आणि आकडा तर बरा दिसतो. बेसपासून जितके दूर, तितका फिक्स उशिरा आणि तितका डळमळीत. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत राहा. गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर आहे, म्हणजे एका बेसने सारा गोवा धरता येत नाही, पण डिचोली आणि तिसवाडी दोन्ही धरता येतात.

सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स नावाचं जाळं याच कामासाठी आहे. देशभर कायमची स्थानकं बसवलेली आहेत. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही त्यातली सुरुवातीची राज्यं. त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून सेवा आणि शुल्क पाहा, आणि नकाशावर आपल्या मळ्यापासून सर्वांत जवळचं स्थानक किती किलोमीटरवर आहे ते मोजा. दुरुस्ती इंटरनेटवरून एनट्रिप पद्धतीने येते. डेटा अगदी कमी लागतो, तासाला काही एमबी. वेग नसला तरी चालतो, सातत्य हवं. डिस्प्लेवर 'करेक्शन एज' दाखवतात तो आकडा एक-दोन सेकंदांच्या आसपास असावा. दहाच्या पुढे जायला लागला तर त्या जागी दुसऱ्या कंपनीचं सिम लावून बघा. नेटवर्क आरटीके, म्हणजे अनेक स्थानकं मिळून काढलेली दुरुस्ती, निवडल्यावर रिसीव्हरने आपली जागा सर्व्हरला कळवावी लागते. त्याला जीजीए पाठवणं म्हणतात. तो पर्याय बंद राहिला तर जोडणी होते, पण दुरुस्ती येत नाही, आणि लोक सेवेला दोष देत बसतात.

स्वतःचा बेस हल्ली पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. दोन वारंवारता वाचणारा रिसीव्हर, चांगला अँटेना, घराच्या स्लॅबवर घट्ट बसवलेला पाइप, वीज गेली तर बॅटरी. रेडिओवरून पाठवायचं तर ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या रेडिओला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. कमी शक्तीचे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचे रेडिओ परवानामुक्त आहेत, पण डोंगर आडवा आला की त्यांचा पल्ला संपतो. बेसच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे त्याची जागा एकदाच नीट ठरवून ती आकड्यांनी भरून ठेवणं. दर वेळी चालू केल्यावर बेसला स्वतःची जागा शोधू दिलीत, तर ती दर वेळी मीटर-दीड मीटरने वेगळी निघते आणि जपलेल्या सगळ्या ओळी तेवढ्याने हलतात. ही जागा कॉर्सवरूनच ठरवा, म्हणजे एका मळ्यात कॉर्स आणि दुसऱ्यात स्वतःचा बेस वापरलात तरी ओळी जुळतील.

आता खाजन. इथे थोडं थांबून सांगतो, कारण इथली चूक वर्षभर पीक भोगतं. खाजनातलं शेत भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतं. बांध आणि मानस (भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार) यांच्या भरवशावर ते उभं असतं. मळ्यात चार बोटं खोल जागा राहिली की तिथे मचूळ पाणी साचून राहतं, पावसाने ते धुऊन निघत नाही आणि रोप पिवळं पडतं. उंच राहिलेल्या जागी तण माजतं आणि लावणी यंत्राला पाणी कमी पडतं. सपाटीकरणात आपल्याला दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ करायचा असतो. जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते दुप्पट असते. म्हणजे आरटीके फिक्सवरही उंची तीन ते सहा सेंटिमीटरने हलू शकते, जेवढा फरक काढायचा तेवढी किंवा जास्तच. गगनवर सपाटीकरण करायचा विचारही करू नका. वर्गणीच्या सिग्नलवरचे अडीच सेंटिमीटरही आडवे आहेत, उभे नाहीत. माझं ठाम मत असं की लहान मळ्यात लेझर लेव्हलर आणा. लेझर काही मिलिमीटरांत काम करतो आणि त्याला उपग्रहाची गरज नाही. आरटीकेचा उपयोग त्याआधी करा: सगळ्या मळ्यावर फिरून उंचीचा नकाशा काढा, माती कुठून उचलायची आणि कुठे टाकायची ते ठरवा. त्याच बेसवरून मानशीच्या उंबऱ्याची उंचीही मोजा. मळ्याचा सर्वांत खोल कोपरा उंबऱ्यापेक्षा खाली असेल, तर कितीही सपाट केलं तरी त्या कोपऱ्यातलं पाणी ओहोटीला बाहेर पडणार नाही. डिस्प्लेवर उंची पन्नास मीटरहून अधिक उणे दिसली तर घाबरू नका. जीपीएसची उंची समुद्रसपाटीवरून मोजलेली नसते, आणि आपल्या भागात दोन्हींत मोठा फरक आहे. आपल्याला एका मळ्यातल्या दोन जागांमधला फरकच हवा असतो.

आयनोस्फिअरचं परत काढतो, कारण गोव्यात त्याचा त्रास युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त होतो. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ साली थुंब्याला रॉकेट केंद्र काढलं ते याच कारणाने. आपण त्याच्या सातशे-आठशे किलोमीटर उत्तरेला आहोत. सूर्यास्तानंतर या पट्ट्यात आयनोस्फिअरमध्ये विरळ पोकळ्या तयार होऊन वर चढतात, त्यांतून येणारा सिग्नल लुकलुकतो आणि आरटीकेचा फिक्स सुटतो. साधारण मध्यरात्रीपर्यंत हे चालतं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवदिनांच्या काळात ते जास्त असतं, आणि सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राच्या शिखराजवळ आणखी वाढतं. सध्याचं शिखर २०२४-२५ च्या सुमारास आलं. आपली वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कापणी आणि पावसाळी भाताची कापणी नेमकी याच महिन्यांत येते, आणि कापणी-मळणी यंत्रं रात्री चालवायची सवय असते. कापणीला डोळ्यांनी चालवता येतं. पण उंचीचा नकाशा आणि बेसची जागा ठरवणं ही कामं सकाळी अकराच्या आत उरका. अधूनमधून मोठं सौर वादळ आलं तर दिवसाही सगळं कोलमडतं. १० मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत आरटीकेवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले होते.

पावसाची मात्र धास्ती नको. जीपीएसचा सिग्नल पावसातून जवळजवळ तसाच येतो. पावसात बंद पडतो तो मोबाइलचा टॉवर आणि बेसची वीज.

सिग्नलवर पैसे घालण्याआधी ट्रॅक्टरचा तिरकेपणा तपासा. अँटेना टपावर अडीच मीटर उंच असतो. चिखलात एक चाक रुतून ट्रॅक्टर चार अंशांनी कलला, तर अँटेना सतरा सेंटिमीटर बाजूला जातो. संचातला टिल्ट सेन्सर नीट कॅलिब्रेट केलेला नसेल तर अडीच सेंटिमीटरच्या सिग्नलवरही ओळ सतरा सेंटिमीटरने चुकेल. सपाट काँक्रीटवर ट्रॅक्टर एकदा या दिशेने आणि एकदा उलट दिशेने, चाकं त्याच खुणांवर आणून उभा करायचा असतो. अर्ध्या तासाचं हे काम आहे आणि बहुतेक ठिकाणी ते झालेलंच नसतं.

निवड करायची पद्धत अशी ठेवा. तुमच्या सर्वांत अडचणीच्या मळ्यात, माडांच्या बाजूला, विक्रेत्याकडून त्याचा सिग्नल प्रात्यक्षिकापुरता चालू करून घ्या. मानशीच्या काँक्रीटवर रंगाने खूण करा, ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्या खुणेवर आणून डिस्प्लेवरची जागा लिहून घ्या. तासाभराने परत तिथे या. दुसऱ्या दिवशी सकाळी या, संध्याकाळी सात वाजताही या. मधे एकदा सगळं बंद करून पुन्हा चालू करा आणि पूर्ण अचूकता यायला किती मिनिटं लागली ते घड्याळावर बघा. हेच गगनवर करा, हेच कॉर्सवर करा. तिन्ही आकडे एका कागदावर लिहिले की विक्रेत्याशी बोलणं सोपं जातं. त्याच्याकडून हेही लेखी घ्या की रिसीव्हर दोन वारंवारतांचा आहे, बाहेरच्या कुठल्याही बेसची आरटीसीएम या सर्वमान्य स्वरूपातली दुरुस्ती घेतो, एनट्रिप त्यातच आहे, आणि आरटीके उघडायला वेगळे पैसे लागणार नाहीत. फक्त आपल्याच कंपनीचा सिग्नल घेणारा रिसीव्हर असेल, तर तो घेऊ नका.